मूळचें धुराडें न काढतां

जुन्या मोटारींचा विषय निघाला कीं कोणाला तिच्या अंगावरची चकाकी आठवते, तर कोणाला तिच्या भोंग्याचा आवाज. आज मी ज्या भागाविषयीं बोलणार आहें त्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. बॉनेट उघडलें कीं इंजिनाच्या कुशीला गंजाच्या रंगाचा, ओबडधोबड दिसणारा, बिडाचा एक ओतीव भाग दिसतो. जळालेला वायु सिलिंडरांतून घेऊन तो धुराड्याच्या नळीकडे पोंचविण्याचें काम हा भाग करतो. कारागीर त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. जुन्या गाडीची शक्ति वाढवावयाची असें ठरलें कीं पहिली कुऱ्हाड बहुधा याच्यावरच पडते. ती पडण्याची खरोखर गरज आहे काय, आणि हा भाग जागच्या जागीं ठेवून इंजिनाची शक्ति कितपत वाढवितां येईल, याचा विचार आज आपण करूं.

उदाहरण आपल्याच शहरांतलें घेऊं. रामदासपेठेंत आज दवाखान्यांची व उंच इमारतींची दाटी झाली आहे. तरीही समजा, तेथल्या एखाद्या जुन्या घराच्या पोर्चमध्यें १९६४ सालची अँबॅसिडर अद्याप उभी आहे. आजोबांनीं ती विकत घेतली, वडिलांनीं ती चालविली, आणि आतां ती नातवाच्या हातीं आली आहे. गाडी चालते, पण पांच माणसें बसवून चिखलदऱ्याचा घाट चढूं लागली कीं दमते. नातवाला दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, हें इंजिन काढून टाक आणि नव्या काळचें बसव. दुसरा म्हणतो, इंजिन राहूं दे; पण हा बिडाचा ठोकळा फेंक आणि त्या जागीं पोलादी नळ्यांचा लांब जुडगा बसव. दोन्ही सल्ले मनापासून दिलेले आहेत. पण ते मानण्यापूर्वीं, आपण काय गमावूं हें त्या नातवानें नीट पाहावें, असें मला वाटतें.

अँबॅसिडर म्हणजे मूळची इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत ती १९५७ पासून तयार होऊं लागली, आणि २०१४ सालीं तेथील काम थांबलें. म्हणजे आतां नवी अँबॅसिडर निघत नाहीं. आहेत त्याच टिकवावयाच्या आहेत. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें जुन्या वाहनांसंबंधीं जे नियम जाहीर केले, त्यांप्रमाणें पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न करतां मूळ स्वरूपांत राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते, व तिला ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला वेगळा क्रमांक मिळूं शकतो. अशा नोंदणीची गाडी रोजच्या प्रवासाला वापरतां येत नाहीं. म्हणून नातवाला आज ती नोंदणी नको असेल. पण उद्यां त्याच्या मुलाला ती हवीशी वाटली, तर आज केलेला फेरबदल त्याच्या आड येईल. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रांतील मूळ तपशील बदलेल असे फेरफार सामान्यतः करूं देत नाहीं. तेव्हां इंजिन बदलण्याचा सल्ला तूर्त बाजूला ठेवूं. उरला मॅनिफोल्डचा प्रश्न.

इंजिनाचें सारें सामर्थ्य त्याच्या श्वासावर अवलंबून असतें. पेट्रोल कितीही ओततां येतें. पण तें जाळण्यास जेवढी हवा आंत जाईल तेवढीच शक्ति निघेल. आणि आधींचा धूर बाहेर गेल्याखेरीज नवी हवा पुरती आंत येणार नाहीं. या देवघेवीला वेळ किती मिळतो, तें पाहा. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असतां पिस्टनचा एक धक्का, म्हणजे अर्धा फेरा, सेकंदाच्या हजार भागांपैकीं अवघ्या साडेसात भागांत उरकतो. तेवढ्या अवधींत सिलिंडर रिकामा व्हावयाचा, आणि पुढच्या तेवढ्याच अवधींत तो भरावयाचा. वाटेंत कोठेंही अडथळा असेल तर श्वास अपुरा पडतो.

लांब नळ्यांच्या जुडग्याचा फायदा येथेंच आहे, व तो खरा आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र व योग्य लांबीची नळी दिली म्हणजे एका सिलिंडरचा धूर वेगानें जातांना मागें जी पोकळी निर्माण होते, ती दुसऱ्याचा उरलेला धूर ओढून घेण्यास मदत करते. पण ही मदत प्रामुख्यानें मोठ्या वेगांत मिळते. शर्यतीची गाडी सतत मोठ्या वेगांत असते; घाटांत पांच माणसें नेणारी गाडी मिनिटाला दोन ते तीन हजार फेऱ्यांत राहते. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे, कीं या गाडीचा श्वास नेमका कोठें अडतो?

या इंजिनाची रचना पाहिली कीं उत्तर सांपडतें. तें १४८९ घनसेंटिमीटरचें आहे. सिलिंडरचा व्यास सुमारें ७३ मिलिमीटर व पिस्टनची चाल ८८.९ मिलिमीटर. सिलिंडर चार व झडपा आठ. पण हेडच्या कुशीला तोंडें मात्र पांचच. हवा आंत घेण्याचीं तोंडें दोन. त्यांतलें एक पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या वांट्याला, आणि एक तिसऱ्या व चौथ्याच्या. धुराचीं तोंडें तीन. पहिल्याचें निराळें, चौथ्याचें निराळें, आणि मधल्या दोघांचें मिळून एक.

आतां स्फोटांचा क्रम लक्षांत घ्या. तो १-३-४-२ असा आहे. धुराचें तोंड ज्यांच्यांत सामाईक आहे त्या दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या पाळ्यांत इंजिनाच्या एका पुऱ्या फेऱ्याचें अंतर पडतें. एकाचा धूर निघून गेल्यावर, बऱ्याच अवकाशानें, दुसऱ्याचा येतो. दोघांची गांठ पडत नाहीं. हवेच्या तोंडांची गोष्ट उलट आहे. तेथें जोडीदारांच्या पाळ्या पाठोपाठ, अर्ध्याच फेऱ्याच्या अंतरानें येतात. झडप अर्ध्या फेऱ्याहून अधिक काळ उघडी राहत असल्यामुळें पहिल्याचा घोट संपण्यापूर्वींच दुसरा ओढूं लागतो, आणि एकाच्या तोंडचा घांस दुसरा पळवितो. म्हणजे या इंजिनाची खरी अडचण धुराच्या बाजूपेक्षां हवेच्या बाजूला अधिक आहे. दारांत गर्दी झाली असतां आपण मागची खिडकी मोठी करीत बसावें, तसा तो नळ्यांचा सल्ला आहे.

हा नुसता तर्क नव्हे. याच इंजिनाच्या घराण्याचा इतिहास त्याला साक्ष आहे. इंग्लंडांत अबिंगडन येथें १९५५ सालीं एम. जी. ए. नांवाची जी दोन माणसांची धांवती मोटार निघाली, तिच्यांत याच कुळांतलें आणि याच १४८९ घनसेंटिमीटरचें इंजिन होतें. अँबॅसिडरमध्यें तें सुमारें ५० अश्वशक्ति देत असे; एम. जी. ए.मध्यें त्यानें प्रथम ६८ व पुढें ७२ अश्वशक्ति दिली. फरक कशानें पडला? झडपा मोठ्या होत्या, दाबाचें प्रमाण वाढवून ८.३ केलें होतें, कॅमशाफ्ट निराळा होता आणि कार्ब्युरेटर दोन होते. मॅनिफोल्डचा सांचा निराळा होता, हें खरें. पण तो होता बिडाचाच. पुढें १९६२ सालीं एम. जी. बी. आली. पिस्टनची चाल तीच ठेवून सिलिंडर रुंद केले, इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचें झालें आणि शक्ति ९५ अश्वांवर गेली. तेव्हांही कारखान्यानें बिडाचा मॅनिफोल्ड सोडला नाहीं.

याच तत्त्वाची परीक्षा अमेरिकेंत मोठ्या प्रमाणावर चालू असते. तेथील मिशिगन राज्यांत १९९५ पासून जुन्या गाड्यांची अशी एक शर्यत होते, कीं जिच्यांत गाडी कारखान्यांतून निघाली तशीच असावी लागते, आणि मॅनिफोल्ड मूळच्याच घडणीचा असावा लागतो. आठ सिलिंडरांच्या त्या अवजड गाड्यांतील कित्येक, पाव मैलाचें अंतर तेरा सेकंदांच्या आंत तोडतात. ही किमया बाहेरून दिसणाऱ्या एकाही भागाची नसते. ती बारकाईनें केलेल्या आंतल्या कामाची असते.

तें काम कोणत्या क्रमानें करावें, तें आतां सांगतों. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वरची पायरी चुकली तर खालच्या पायरीवरचा खर्च वायां जातो.

पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप. चारी सिलिंडरांचा दाब मोजावा. झडपांची फट, प्लग व ठिणगीची वेळ तपासावी. अनेक गाड्या दुबळ्या झालेल्या नसतात, नुसत्या बिघडलेल्या असतात. त्यानंतर धुराच्या वाटेंतील दाब दोन ठिकाणीं मोजावा. एकदां मॅनिफोल्ड जेथें संपतो त्याच्या लगत, आणि एकदां सायलेन्सरच्या अलीकडे. दोन्हीकडे दाब जवळजवळ सारखाच भरला तर अडथळा सायलेन्सरमध्यें किंवा त्याच्या पुढें आहे. आंतून गंजलेला सायलेन्सर, वांकवितांना चेपलेली नळी, किंवा कोणीतरी स्वस्तांत बसविलेली बारीक व्यासाची नळी, हे खरे गुन्हेगार असतात आणि शिक्षा मात्र मॅनिफोल्डला होते. नळी व सायलेन्सर हे झिजून बदलावयाचेच भाग आहेत. ते किंचित् मोकळ्या व्यासाचे घेतले म्हणून गाडीचें मूळ रूप बिघडत नाहीं.

दुसरी गोष्ट मॅनिफोल्डचीच. तो काढून आंतली काजळी साफ करावी, तडा गेला आहे काय तें पाहावें, आणि त्याची बैठक सपाट करून घ्यावी. हेडचें तोंड, गॅस्केटचें भोंक व मॅनिफोल्डचें तोंड हीं तिन्ही एकमेकांशीं तंतोतंत जुळतात कीं नाहीं तें तपासावें. पुष्कळ वेळां गॅस्केटची कड वाटेंत पुढें आलेली असते. ती कापली आणि ओतकामाचे कंगोरे कानशीनें घासले, तर बाहेरून कांहींही न बदलतां वाट मोकळी होते.

तिसरें आणि मुख्य काम हेडचें. झडपांच्या बैठका अचूक कोनांत कापून घ्याव्यात, आणि झडपेच्या मागचा वळणाचा भाग गुळगुळीत करावा; श्वासाचा सर्वांत अरुंद गळा तेथें असतो. मूळ मॅनिफोल्ड ठेवावयाचा असल्यामुळें धुराच्या झडपेकडे विशेष लक्ष द्यावें, म्हणजे पुढच्या वाटेची थोडी तूट मागें भरून निघते. २००० सालापासून आपल्या देशांत शिसेंविरहित पेट्रोल आहे. पूर्वीं शिशाच्या थरामुळें धुराच्या झडपांच्या बैठकांना संरक्षण मिळत असे. तें आतां मिळत नाहीं. म्हणून तेथें कठीण धातूचीं कडीं बसविणें अगत्याचें आहे.

हेड हातीं आहे तोंवर दाबाचें प्रमाणही वाढवावें. जुन्या अँबॅसिडरमध्यें तें सातसवासातच्या आसपास असे. एका सिलिंडरचें आकारमान ३७२ घनसेंटिमीटर, प्रमाण ७.२ असेल तर वरची पोकळी ६० घनसेंटिमीटर भरते, आणि तें ८.३ करावयाचें तर ती ५१ व्हावी लागते. या नऊ घनसेंटिमीटरच्या फरकानें, त्याच पेट्रोलांत, हिशेबानें सुमारें पांच टक्के अधिक काम मिळतें. किती कापावें हें अंदाजानें ठरवूं नये. पोकळीवर भोंक पाडलेली कांच ठेवून, मोजनळीनें केरोसीन सोडून, प्रत्येक पोकळी मोजावी. आणि चारी पोकळ्या सारख्या कराव्यात.

चौथी गोष्ट कॅमशाफ्टची, आणि येथें मोह टाळला पाहिजे. धुराची झडप मिटण्यापूर्वींच हवेची झडप उघडते. मध्यंतरीं कांहीं काळ दोन्ही उघड्या असतात. लांब नळ्या असल्या तर या काळाचा लाभ होतो. बिडाच्या मॅनिफोल्डमध्यें मात्र दाब थोडा रेंगाळतो, आणि हा काळ फार वाढविला तर धूर उलट हवेच्या वाटेंत शिरतो. मग गाडी उभी असतां थरथरते, आणि घाटांत जेथें जोर हवा तेथेंच तो हरवतो. एम. जी. बी.च्या मूळ कॅमशाफ्टमध्यें हा काळ ३७ अंशांचा होता. मूळ मॅनिफोल्ड ठेवणाऱ्यानें त्यापुढें न जावें. शर्यतीचा कॅमशाफ्ट स्वस्तांत मिळतो म्हणून घेणें हा शुद्ध तोटा आहे.

पांचवी गोष्ट कार्ब्युरेटरची. हवेच्या वाटा सुधारल्यावर त्याच्या जेटची मापें पुन्हां ठरवावीं लागतात. आज पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्याला जळण्यास हवा कमी लागते. म्हणून जुन्याच मापाच्या जेटनें मिश्रण पातळ पडतें, इंजिन तापतें, आणि शक्तीऐवजीं झडपा जळतात. जेट थोडा मोठा करावा, आणि पेट्रोलच्या वाटेवरील जुने रबरी भाग इथेनॉल सोसणारे घालावेत.

यावर कोणी म्हणेल, एवढें सारें केल्यावर नळ्यांचा जुडगाही बसविला तर आणखी थोडी शक्ति मिळणार नाहीं काय? थोडी मिळेल, पण कोठें तें पाहिलें पाहिजे. या इंजिनांत हवेची व धुराची बाजू एकच असल्यामुळें कार्ब्युरेटर मॅनिफोल्डच्या डोक्यावरच बसतो. आपल्या नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याही वर जातो. १५ अंशांच्या हवेच्या मानानें ४५ अंशांची हवा सुमारें नऊ टक्के विरळ असते. वर चिखलदऱ्याची उंची सुमारें ११०० मीटर. तेथें उंचीमुळें हवा आणखी दहाव्या हिश्शानें कमी. अशा वेळीं कार्ब्युरेटरखालीं पातळ पोलादाच्या तापलेल्या नळ्या पसरल्या, तर आंत जाणारी हवा अधिकच तापेल, आणि पेट्रोलची वाफ होऊन भर घाटांत गाडी बंद पडण्याचें भय वाढेल. जाड बीड बाहेर उष्णता तितक्या झपाट्यानें फेंकत नाहीं. त्याच्या व कार्ब्युरेटरच्या मध्यें पत्र्याचा एक आडोसा घातला, आणि हवा बॉनेटच्या पुढच्या बाजूनें थंड घेतली, तर नळ्यांनीं जें मिळालें असतें त्यांतलें पुष्कळसें बिनधोक पदरांत पडतें.

या सर्व कामानें ७२ अश्वशक्ति मिळेल अशी आशा धरूं नये, एम. जी. ए.च्या झडपा मोठ्या होत्या आणि कार्ब्युरेटर दोन होते. पण ५० ची ६० झाली, आणि तीही मधल्या वेगांत मिळाली, तरी जेथें दुसऱ्या गिअरवर यावें लागत होतें त्या चढावर गाडी तिसऱ्यांत राहील. इंजिनाचा क्रमांक तोच, आकारमान तेंच, बॉनेट उघडल्यावर दिसणारें रूप तेंच. आणि प्रवाशांना मात्र गाडी निराळी भासेल.

एक इशारा दिल्याखेरीज हा विषय संपवितां येत नाहीं. जी गाडी अधिक जोरानें चढते तिला त्याच घाटानें उतरावयाचेंही असतें. त्या काळच्या अँबॅसिडरला चारी चाकांना ड्रमचे ब्रेक होते. लांब उतारावर ते तापतात व त्यांची पकड सैल होते. म्हणून इंजिनाच्या कामाला हात घालण्यापूर्वीं ब्रेकचे पट्टे, सिलिंडर व तेल नवें करावें, आणि रेडिएटर आंतून साफ करून घ्यावा. खर्चाला पैसे थोडे असतील, तर ते आधीं येथें घालावेत. शक्ति वाढविण्याचा अधिकार थांबण्याची सोय केल्यानंतरच मिळतो.

जुन्या यंत्राला शक्ति देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याचा जो भाग आपल्याला आवडत नाहीं तो काढून फेंकणें; आणि दुसरा, तो भाग असा कां घडविला गेला हें समजून घेऊन त्याच्याभोंवतीं काम करणें. पहिला मार्ग झटपट आहे. पण फेंकलेला बिडाचा तुकडा भंगारांत गेला कीं परत मिळत नाहीं, कारण तो ओतणारा कारखानाच आतां ती गाडी करीत नाहीं. दुसऱ्या मार्गाला मोजनळी, कानस आणि पुष्कळ धीर लागतो. पण त्या मार्गानें जाणाऱ्याला एक गोष्ट जास्तीची मिळते. आपली गाडी आंतून कशी चालते, हें त्याला कळलेलें असतें. आणि पुढच्या पिढीच्या हातीं किल्ली देतांना तिच्याबरोबर हें ज्ञानही त्याला देतां येतें.